मोठ्या जहाजांच्या धक्क्यांवर वेगमापन यंत्रणा सक्तीची हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

९ जून २०२५ रोजी केरळमधील विझिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ हे जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एक असलेले जहाज धक्क्याला लागले. त्याची लांबी ३९९.९ मीटर, रुंदी ६१.३ मीटर आणि क्षमता वीस फुटी २४,३४६ कंटेनरांची आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्या प्रकल्पाचा खर्च ७६,२०० कोटी रुपये सांगण्यात आला. अशा बंदरांविषयी लिहिताना पाण्याची खोली, मालाची क्षमता, खर्च आणि मच्छीमारांचे विस्थापन यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु एवढे प्रचंड जहाज शेवटच्या दोनशे मीटरांत धक्क्यापर्यंत आणायचे कसे, आणि ते कोणालाही इजा न होता, काहीही न मोडता लागावे म्हणून कोणती साधने वापरायची, याविषयी मराठी वाचकांपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. बेळगावात यंत्र अभियांत्रिकी शिकवून मी निवृत्त झालो आहे आणि माझे काही विद्यार्थी आज व्यापारी जहाजांवर इंजिनियर आहेत. त्यांच्याशी वर्षानुवर्षे झालेल्या बोलण्यातून आणि स्वतःच्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. मोठी जहाजे लागणाऱ्या प्रत्येक धक्क्यावर जहाजाचा जवळ येण्याचा वेग मोजणारी, तो पायलटला, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या तज्ज्ञाला, समोर दाखवणारी आणि त्याची नोंद जपून ठेवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली पाहिजे.

बेळगावचा समुद्राशी काय संबंध, असे कोणाला वाटू नये. उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील फौंड्रींत ओतलेले आणि मशीन शॉपमध्ये घडवलेले भाग कंटेनरमधून न्हावा शेवाला जातात आणि तेथून परदेशी रवाना होतात. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरणारी रेल्वे मुरगाव बंदराला जाऊन मिळते आणि त्याच मार्गाने बंदरात उतरलेला कोळसा घाटमाथ्यावरच्या पोलाद कारखान्यांकडे येतो. एखादा धक्का अपघाताने बंद पडला तर परदेशी ग्राहकाला दिलेली तारीख चुकते, बँकेच्या पतपत्राची मुदत उलटते आणि लहान कारखानदाराचे खेळते भांडवल बंदराच्या यार्डात अडकून पडते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ती टक्कर धक्क्यावरची नव्हती, पण बंदर थांबले की घाटावरचे कारखानेही कसे थांबतात हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

आता मूळ विषयाकडे येतो. जहाजाला ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवून वेग कमी करावा लागतो आणि वेग कमी होताच सुकाणूची पकडही सुटत जाते, कारण सुकाणूवरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावरच ते काम करते. म्हणजे धक्का जवळ येतो तेव्हाच जहाज सर्वांत कमी ताब्यात असते. या अवस्थेत किती वेग चालतो, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. पाण्यावर तरंगणारे एक लाख टन वजनाचे जहाज सेकंदाला १० सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला अवघे ६ मीटर, या गतीने धक्क्याकडे सरकत असेल तर त्याची गतिज ऊर्जा ५०० किलोज्यूल होते. आपल्या महामार्गावरून ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १० टनी ट्रकची ऊर्जाही नेमकी एवढीच असते. जहाजाचा वेग सेकंदाला २० सेंटीमीटर झाला तर ऊर्जा चौपट होते, म्हणजे तोच ट्रक ताशी ७२ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळावा तितकी. ३० सेंटीमीटर झाला तर नऊपट. शिवाय जहाजाबरोबर त्याच्या भोवतीचे पाणीही सरकत असते आणि जहाज थांबले तरी ते त्याला ढकलत राहते, म्हणून धक्क्याची आखणी करणारे अभियंते जहाजाच्या वजनात या पाण्याचा वाटा मिळवूनच आकडेमोड करतात.

ही ऊर्जा पचवण्याचे काम धक्क्याच्या तोंडावर बसवलेल्या रबराच्या फेंडरांचे असते. फेंडर दबतो, वाकतो आणि ऊर्जा गिळतो, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की रबर आणखी दबत नाही आणि पुढचा सगळा भार जहाजाच्या पत्र्यावर किंवा धक्क्याच्या खांबांवर जातो. जहाज धक्क्याला समांतर आले तर अनेक फेंडर मिळून भार घेतात, मात्र नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, बाजू आधी टेकली तर एकदोन फेंडरांवरच सगळे येते. म्हणूनच केवळ वेग कळून भागत नाही, जहाज किती तिरपे येत आहे हेही त्याच क्षणी कळावे लागते.

आणि नेमके हेच माणसाच्या डोळ्याला कळत नाही. वास्कोच्या सडा भागातील उंचवट्यावरून मुरगावच्या धक्क्याकडे येणारे मालवाहू जहाज पाहावे, ते सरकते आहे की थांबले आहे हेच बराच वेळ ठरवता येत नाही. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे ते चालवण्याच्या कक्षात, पाण्यापासून कित्येक मजले उंच उभ्या असलेल्या पायलटची अडचण याहून मोठी असते, कारण त्याच्यापासून नाळ दोनशे मीटरहून अधिक दूर असू शकते आणि खालचा धक्का त्याला अर्धवटच दिसतो. सेकंदाला १० सेंटीमीटर आणि २० सेंटीमीटर यांतला फरक तो अनुभवाने ताडतो. जुन्या पायलटांचा अंदाज विलक्षण अचूक असतो याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही रात्री, पावसात, अनोळखी जहाजावर आणि लांबच्या पाळीच्या शेवटी त्याच्यावर केवळ अंदाजाने ऊर्जेच्या चौपटीची जोखीम पेलण्याची वेळ आणणे न्याय्य नाही.

यावरचा उपाय नवा किंवा अद्भुत नाही. धक्क्यावर एकमेकांपासून दूर दोन लेझर संवेदक बसवतात, एक नाळेकडच्या बाजूसाठी आणि एक पिछाडीसाठी. दोन्ही संवेदक जहाजाच्या बाजूपर्यंतचे अंतर सेकंदागणिक मोजतात. अंतरातील बदलावरून वेग निघतो आणि दोन अंतरांमधील फरकावरून तिरपेपणा कळतो. हे आकडे धक्क्यावरील एका मोठ्या फलकावर झळकतात, नाळेचे अंतर व वेग एका बाजूला आणि पिछाडीचे दुसऱ्या बाजूला. वेग ठरलेल्या मर्यादेत असेल तर हिरवा, मर्यादेजवळ आला तर पिवळा आणि ओलांडला तर लाल दिवा लागतो. पायलट ब्रिजच्या कडेला उभा राहून ते वाचतो, वॉकीटॉकीवरून टगच्या, म्हणजे जहाजाला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या ताकदवान बोटीच्या, कप्तानाला ढकलायला किंवा ओढून धरायला सांगतो आणि आपण सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम लगेच आकड्यांत पाहतो. तेलाच्या आणि द्रवरूप वायूच्या धक्क्यांवर ही पद्धत जगभर रूढ आहे, कारण तेथे एका चुकीची किंमत आगीत मोजावी लागते. कोळसा, खनिज आणि कंटेनरच्या धक्क्यांवर ती तेवढी रूढ झालेली नाही. माझा आक्षेप येथेच आहे. कोळशाचे जहाज पेट घेत नसेल, पण ते धक्का तेवढ्याच ताकदीने मोडते आणि धक्क्यावर दोर धरून उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाला तेवढाच धोका असतो.

यंत्रणा बसवली की काम संपले, असेही नाही. जहाज भरलेले असताना पाण्यात खोल बसते आणि रिकामे झाले की कित्येक मीटर वर येते. त्यात मुंबईसारख्या ठिकाणी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो. संवेदकाचा किरण या सगळ्या स्थितींत जहाजाच्या सपाट बाजूवरच पडला पाहिजे. तो नाळेच्या फुगीर, वळणाऱ्या भागावर पडला तर आकडा फसवा येतो. लहान जहाजासाठी योग्य असलेली जागा मोठ्या जहाजासाठी योग्य असतेच असे नाही. कोकण-गोव्याच्या मुसळधार पावसात लेझरचा किरण विखुरतो, म्हणून आता काही ठिकाणी रडारवर चालणारे संवेदक जोडीला घेतात. काचेवर खारे पाणी सुकून थर बसतो आणि तो ठरलेल्या वेळी पुसावा लागतो. कोट्यवधींची यंत्रे एका न पुसलेल्या काचेमुळे निकामी पडलेली मी कारखान्यांतही पाहिली आहेत, म्हणून सक्तीच्या नियमात देखभालीची जबाबदारी आणि नियमित तपासणी यांचा स्पष्ट उल्लेख हवा, असे मला आग्रहाने वाटते.

काही जण म्हणतील की पायलट आता स्वतःचे यंत्र घेऊन जहाजावर चढतात, मग धक्क्यावर खर्च कशाला? पायलटच्या पिशवीतले हे यंत्र खरोखर उपयुक्त आहे. दोन अँटेना आणि एक टॅबलेट अशी त्याची रचना असते. जहाजाच्या स्वतःच्या उपकरणांवर अवलंबून न राहता ते जहाजाचे स्थान, दिशा आणि वळण्याचा वेग दाखवते, आणि किनाऱ्यावरील केंद्राकडून दुरुस्तीचा संदेश मिळाला तर त्याची अचूकता काही सेंटीमीटरपर्यंत जाते. परंतु त्याचा आधार उपग्रहांचा संदेश आहे आणि तो संदेश दाबता येतो किंवा खोटा पाठवता येतो. मे २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज रुतले, तेव्हा अशाच खोट्या संदेशाचा संशय व्यक्त झाला. धक्क्यावरचा संवेदक आकाशाकडे पाहत नाही, समोरच्या पोलादापर्यंतचे अंतर मोजतो. म्हणून दोन्ही साधने हवीत. दोहोंचे आकडे जुळत नसतील तर तेवढ्यानेच पायलट सावध होतो आणि वेळीच थांबू शकतो.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. चारशे मीटर लांबीच्या जहाजावर कंटेनरांच्या थप्प्या रचल्या की त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस मीटर भरते. ताशी ५४ किलोमीटरचा वारा त्यावर आडवा लागला तर ढोबळ हिशेबाने २०० टनांचा रेटा बसतो. एका ताकदवान बंदर-टगची ओढ साधारणपणे ६० ते ७० टन असते, म्हणजे केवळ वाऱ्याला तोंड द्यायलाच तीन-चार टग लागतात. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ज्या धक्क्यावर वाऱ्याचा, प्रवाहाचा आणि जहाजाच्या वेगाचा आकडा पायलटला एकाच फलकावर दिसतो, तेथे ‘आज जहाज आत घ्यायचे नाही’ हा निर्णय तो ठामपणे घेऊ शकतो. माल उतरवण्याची घाई असलेल्या मालकांसमोर आणि बंदर अधिकाऱ्यांसमोर त्याच्या हातात पुरावा असतो.

अपघातांची उदाहरणे द्यावी तेवढी थोडी आहेत. ७ मे २०१३ च्या रात्री इटलीतील जिनोआ बंदरातून बाहेर पडताना ‘जॉली नेरो’ हे जहाज नियंत्रण मनोऱ्यावर आदळले, मनोरा कोसळला आणि ९ जण मृत्युमुखी पडले. ६ एप्रिल २०२० रोजी दक्षिण कोरियातील बुसान बंदरात ‘मिलानो ब्रिज’ हे कंटेनर जहाज धक्क्याकडे येताना क्रेनवर आदळले आणि ती अवाढव्य क्रेन पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली आली. जहाज जवळपास रिकामे असल्यामुळे पाण्यावर उंच तरंगत होते आणि त्याचा वेग अधिक होता. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘डाली’ जहाजाचा वीजपुरवठा खंडित झाला, ते पुलाच्या खांबावर आदळले आणि पुलावर काम करणारे ६ कामगार बुडाले. त्या जहाजावरचे बहुतांश खलाशी आपले भारतीय होते. अशा प्रसंगी धक्क्यावरचा फलक काहीही करू शकत नाही. तेथे सोबतीला टग असणे आणि जहाजाची विद्युत यंत्रणा काटेकोर तपासलेली असणे हाच उपाय आहे. वेगमापन यंत्रणा सर्व धोके टाळते असा माझा दावा नाही. जो धोका ती टाळू शकते तो तरी टाळावा, एवढीच मागणी आहे.

यंत्राबरोबर माणूस घडवण्याचे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये पोर्ट रेव्हेल येथे १९६७ पासून तळ्यातील पंचविसाव्या हिश्शाच्या जहाजांवर कप्तान आणि पायलट यांना शिकवले जाते. त्या प्रमाणात सर्व हालचाली प्रत्यक्षाच्या पाचपट वेगाने घडतात, त्यामुळे शिकणाऱ्याला विचाराची गतीही वाढवावी लागते. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने, जिची सुरुवात १९१६ मध्ये झाली, अनेक भारतीय बंदरांचा अभ्यास प्रतिकृतींवर केला आहे. धक्क्यावरच्या यंत्रणेत साठलेल्या खऱ्या नोंदी अशा संस्थांना मिळाल्या तर प्रशिक्षण आपल्याच बंदरांच्या, आपल्याच पावसाळ्याच्या अनुभवावर उभे राहील. नोंद ठेवण्यावर मी एवढा भर देतो त्याचे हेच कारण आहे. जहाजावर विमानासारखी ब्लॅक बॉक्सची सोय असते, धक्क्याकडे मात्र स्वतःची अशी नोंद नसली तर अपघातानंतर दोष कोणाचा यावर वर्षानुवर्षे दावे चालतात आणि शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. ठोकर लहान असेल तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही आणि फेंडरचे तुटलेले बोल्ट पुढच्या जहाजाची वाट पाहत राहतात.

नॉर्वेत २०१८ मध्ये ‘फोल्गेफॉन’ या फेरीबोटीने आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला फिनलंडमध्ये ‘फाल्को’ या फेरीबोटीने माणसाच्या हाताशिवाय धक्क्याला लागून दाखवले. हे यश मोठे आहे, पण त्या बोटी लहान असून ठरलेल्या धक्क्यांमध्येच फिरतात. रोज नवे जहाज, नवा भार आणि नवा वारा असलेल्या मोठ्या बंदरात पायलटची जागा यंत्राने घ्यावी अशी वेळ आलेली नाही आणि तसा आग्रहही कोणी धरू नये.

आता थोडे आपल्या गावाकडे. धक्क्यावर जहाजाचे दोर ज्या खुंटांना बांधतात ते बोलार्ड ओतीव असतात आणि एकेका खुंटावर शंभर-दीडशे टनांची ओढ येऊ शकते. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते, त्यामुळे झटका बसला की बीड तडकते. वितळलेल्या रसात योग्य प्रमाणात मॅग्नेशियम मिसळले की ग्राफाइटचे गोल कण होतात आणि तेच लोखंड ताण सोसू लागते. हे एसजी आयर्न आपल्या फौंड्रींना नवे नाही. उद्यमबागेत भट्टीवर उभा असलेला कामगार मॅग्नेशियम टाकल्यावर उसळणारा पांढरा लखलखाट रोज पाहतो आणि त्यानंतर किती मिनिटांत साचा भरला पाहिजे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, कारण उशीर झाला तर मॅग्नेशियमचा गुण उतरतो. आज दोराचा ताण मोजणारे आणि एका कळीने दोर सोडणारे हुक मोठ्या धक्क्यांवर वापरतात. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटून माणसाला ठार करू शकतो, त्यामुळे ताणाचा आकडा वेळेवर दिसणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ओतकाम आपल्याकडे आहे, यंत्रकाम आहे, आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावातच आहे. संवेदक, फलक आणि नोंदप्रणाली यांवर आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी प्रकल्प करावेत आणि कारखानदारांनी त्यांना पाठबळ द्यावे. खानापूर, निपाणी, चंदगडकडची आपली मुले लष्करात पिढ्यान्‌पिढ्या जातात. बंदर आणि जहाज या क्षेत्राकडेही त्यांनी वळावे असे मला मनापासून वाटते.

केंद्रीय बंदर मंत्रालयाने आणि नौवहन महासंचालनालयाने मोठ्या जहाजांच्या सर्व धक्क्यांसाठी वेगमापन व नोंदीचा नियम करावा, कर्नाटक मेरिटाइम बोर्डाने तो कारवारसारख्या राज्याच्या बंदरांनाही लावावा, आणि वाढवण किंवा अंकोल्याजवळील प्रस्तावित केणी यांसारख्या बंदरांविषयीचे स्थानिकांचे आक्षेप आधी ऐकून घेऊन, ती उभी राहिलीच तर संवेदकांची जागा आराखड्यातच राखून ठेवावी. आपल्या भागातील खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आपल्या दैनिकालाही विनंती आहे की मुरगाव, कारवार आणि न्हावा शेवा येथील कोणकोणत्या धक्क्यांवर अशी यंत्रणा सध्या चालू आहे, तिची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिच्या नोंदी किती काळ जपल्या जातात, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवून ती वाचकांसमोर ठेवावी. अर्जाचा मसुदा तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव